गोदावरी एक, मापं पाच: सूक्ष्मजीव संशोधकांचं जाळं बांधायचं म्हणजे नेमकं काय?

२०१५ च्या सिंहस्थात लाखो लोक गोदावरीत डुबकी मारत होते, त्या काळात पुण्याच्या काही संशोधकांनी नाशिकमधल्या पाच ठिकाणांहून नदीचं पाणी घेतलं आणि त्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचला. २०१८ मध्ये ‘मायक्रोबियल इकॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. मेळ्याच्या काळात पाण्यातला जिवाणूंचा भार जवळपास १३० पट वाढला होता. वैविध्य मात्र सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटलं होतं. एरवी नदीत असणारे बरेच गट मागे पडले आणि फर्मिक्युट्स नावाच्या एकाच गटानं ९४.६ टक्के जागा व्यापली. हे पाहुणे आले कुठून, याचा माग काढला तर मोठा वाटा माणसांकडून आलेला निघाला.

नाशिककरांना याचं फार नवल वाटणार नाही. खरी अडचण पुढे आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पुन्हा पर्वण्या आहेत. समजा तेव्हा तीन कॉलेजांनी आणि एका सरकारी प्रयोगशाळेनं आपापल्या परीनं पाणी तपासलं. एकाला भार ४० पट दिसला, दुसऱ्याला २०० पट. मग नदी सुधारली म्हणायची की बिघडली? की एकानं बाटली काठाच्या पायरीवरून भरली आणि दुसऱ्यानं मधल्या धारेतून, एवढाच तो फरक? दोघांनी आधी एकत्र बसून काही गोष्टी ठरवल्या नसतील, तर याचं उत्तर नंतर कुणालाही देता येत नाही. माझ्या मते संशोधकांच्या जाळ्याचं पहिलं काम हेच आहे. परिषदा, करार, फेटे बांधून काढलेले फोटो हे सगळं त्यानंतरचं.

मुळात हे शास्त्र आहे काय, ते थोडक्यात. सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की आपल्याला पेट्री डिश आणि तिच्यावर उगवलेल्या कॉलनी आठवतात. पण माती किंवा पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की जितक्या पेशी दिसतात, त्यातल्या शंभरात एखादीच साध्या प्लेटवर वाढते. बाकीच्यांना आपलं जेवण मानवत नाही, हवा मानवत नाही, किंवा शेजाऱ्यांशिवाय जगताच येत नाही. म्हणून आता थेट नमुन्यातला सगळा डीएनए काढतात. प्रत्येक जिवाणूत रायबोसोमशी संबंधित १६एस नावाचं एक जनुक असतं. त्याचा काही भाग सगळ्यांमध्ये सारखा आणि काही भाग गटागणिक वेगळा, त्यामुळे ओळख पटवायला ते सोयीचं पडतं. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारानं आर्किया हा अगदी वेगळा जीवगट दाखवून दिला होता. सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्राचे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत: इथे कोण आहे, काय करतंय, कोणाच्या जिवावर जगतंय, आणि पाऊस, खत, सांडपाणी, औषध यांनी त्यांच्यात काय उलथापालथ होते?

हे प्रश्न एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाहीत. नाशिक जिल्ह्याचंच घ्या. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेला येवल्याकडे तो पाचशेच्या आसपास येतो. पेठ-सुरगाण्याच्या उतारावर नागली आणि वरई, इगतपुरीत भात, दिंडोरी-निफाडला द्राक्ष, लासलगाव-येवल्याकडे कांदा. मध्ये गंगापूर धरण, शहर, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या ‘रामसर’ यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. पाऊस कमी होत जातो तसे मातीतले सूक्ष्मजीव कसे बदलतात, हे पाहायला संशोधक कुठून कुठून येतील अशी ही पट्टी आहे. पण एका प्राध्यापकाला दोन एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन ती कधीच झेपणार नाही. पाण्याचा माणूस वेगळा, मातीचा वेगळा, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू ओळखणारा दवाखान्यातला वेगळा, आणि आकडेमोड करणारा तर आणखी वेगळा.

बरं, सगळे जमले तरी भागत नाही. जुन्या काळी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. प्रत्येकाचं माप त्याच्या गावात खरंच होतं, घोटाळा व्हायचा तो दोन गावांच्या धान्याची बेरीज करताना. सूक्ष्मजीवांच्या मोजणीत नेमकं हेच होतं, आणि ते तपासूनही झालं आहे. अमेरिकेत एका गुणवत्ता-प्रकल्पात तेच नमुने, नाव-गाव न सांगता, १५ प्रयोगशाळांना वाटले. मानवी विष्ठेचे होते, आणि कोणते जिवाणू किती घातलेत हे आधीच माहीत असलेले कृत्रिम मिश्रणही होते. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की नमुना तोच असूनही प्रयोगशाळा बदलली की उत्तर हलतं. डीएनए काढण्याची पद्धत हे त्यातलं एक मोठं कारण होतं. काही जिवाणूंच्या भिंती जाड असतात, त्या फोडायला बारीक मण्यांसोबत नमुना जोरात हलवावा लागतो. एकानं कमी हलवलं, तर त्याच्या यादीत ते जिवाणू कमीच दिसणार.

दुसरी भानगड याहून वात्रट. डीएनए काढायच्या किटमध्येच थोडा जिवाणूंचा डीएनए असतो! २०१४ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की नमुन्यात जीव मुळातच कमी असतील, तर किटमधले हे उपरे निकालावर कुरघोडी करतात. उदाहरणार्थ, धरणाच्या स्वच्छ पाण्यात किंवा खोल बोअरच्या पाण्यात हा धोका जास्त, शेणस्लरीत नगण्य. यावर उपाय साधा आहे: कोरा नमुना. निर्जंतुक पाण्याची एक बाटली सोबत न्यायची, नदीकाठी तीही उघडायची, आणि पुढचे सगळे सोपस्कार तिच्यावरही करायचे. तिच्यात जे सापडेल ते नदीचं नव्हे. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यावर होणारा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो म्हणून बजेटमध्ये पहिली कात्री तिलाच लागते.

द्राक्षबागेतली चमचाभर माती

ठरवणं म्हणजे किती बारीक ठरवणं, हे एका उदाहरणात पाहू. विषय आहे दिंडोरीच्या द्राक्षबागेतली माती. ‘वरच्या दहा सेंटिमीटर थरातली माती घ्यावी’ असं कागदावर लिहिलं आणि चार कॉलेजांची मुलं चार बागांत गेली. आता एकानं माती बोदावरून, म्हणजे वेली लावलेल्या उंचवट्यावरून घेतली, दुसऱ्यानं दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातून. एकानं बरोबर ड्रीपरखाली, जिथे रोज ओल आणि विद्राव्य खत पडतं, तिथून घेतली. दुसऱ्यानं दोन ड्रीपरच्या मधून घेतली, तिथे माती भुसभुशीत आणि कोरडी. चारही जणांनी सूचना पाळलीच आहे. पण ड्रीपरखालची आणि फूटभर बाजूची माती यांतला फरक दोन गावांमधल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो.

म्हणून कागदावर असं लिहावं लागतं: बोदावर, ड्रीपरपासून अमुक सेंटिमीटरवर, खोडापासून अमुक अंतरावर, वरचा पालापाचोळा बाजूला सारून, एका बागेत अमुक ठिकाणची माती एकत्र कालवून, मधल्या वेळी अवजार स्पिरिटनं पुसून. पिशवीवर नाव मार्करनं लिहायचं नाही, कारण तेच स्पिरिट हाताला लागून मार्करची शाई पुसली जाते. पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत घालून ती बाहेरून लावायची. बर्फाच्या पेटीत पाणी होतं, आणि ओल्या झालेल्या बॉलपेनच्या अक्षरांवर नंतर प्रयोगशाळेत जी वादावादी होते ती टाळलेली बरी. नमुना बर्फात किती तासांत पोचला पाहिजे, पोचल्यावर उणे २० अंशाला ठेवायचा की उणे ८०, वीज गेली तर फ्रीझरला जनरेटर आहे का, हेही त्याच कागदावर हवं.

मग येते नमुन्याची माहिती, जिला संशोधक मेटाडेटा म्हणतात. मातीचा सामू (पीएच) आणि क्षारता तर हवीच. पण बागेच्या बाबतीत खरा खजिना वेगळा: खरड छाटणी कधी झाली, फळछाटणी कधी, शेवटची फवारणी कशाची, बोर्डो किती वेळा मारलं? बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्यातलं तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं आणि सूक्ष्मजीवांवर त्याचा परिणाम होतो. परदेशात ही माहिती मिळवायला संशोधक प्रश्नावल्या घेऊन हिंडतात. आपल्याकडे निर्यातीसाठी बाग नोंदवलेल्या शेतकऱ्याकडे फवारणीची वही असतेच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, त्यानंतर नोंदींबाबत बागाईतदार फारच काटेकोर झाले. काही बाबतींत ते आपल्या विद्यार्थ्यांच्या पुढे आहेत असं मी म्हणेन.

नदीच्या नमुन्यालाही हेच लागू. पाणी किती होतं हे नाशिकमध्ये सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आपल्याला ते लगेच डोळ्यासमोर येतं. पण माहितीच्या साठ्यात मारुतीची कंबर चालत नाही, तिथे त्या वेळचा गंगापूरचा विसर्ग क्युसेकमध्ये लिहावा लागतो. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर वरचा गाळ, वरचे जीव सगळं खाली येतं आणि पर्वणीच्या परिणामात मिसळून जातं. माझं म्हणणं, दोन्ही लिहा. मारुतीमुळे निदान क्युसेकचा आकडा टाइप करताना एखादं शून्य जास्त पडलं तर कळेल.

मोठी जाळी कशी उभी राहिली

जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेला ‘अर्थ मायक्रोबायोम प्रोजेक्ट’. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या भागातले नमुने पाठवले, पण डीएनए काढण्यापासून वाचण्यापर्यंतची पद्धत सगळ्यांसाठी एकच ठेवली. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात ९७ अभ्यासांमधले २७,७५१ नमुने होते. एवढं सगळं एका संस्थेनं जन्मात केलं नसतं. नमुन्याची माहिती कोणत्या शीर्षकांखाली लिहायची याचे नियम ‘जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सॉर्शियम’ नावाचा स्वयंसेवी गट २००५ पासून ठरवत आला आहे. ते आयते उचलावेत, नाशिकसाठी वेगळे घडवण्यात शक्ती घालवू नये.

मला जास्त आवडणारं उदाहरण मात्र स्वस्तातलं आहे. २०१३ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी चहाच्या पिशव्या पुरायची पद्धत मांडली. एकाच ब्रँडच्या ग्रीन टीच्या आणि रूइबॉस नावाच्या आफ्रिकी चहाच्या पिशव्या घ्यायच्या, वजन करायचं, आठ सेंटिमीटर खोल पुरायच्या, साधारण ९० दिवसांनी उकरून वाळवून परत वजन करायचं. ग्रीन टी लवकर कुजतो, रूइबॉस सावकाश. दोन्हींच्या घटीवरून तिथले सूक्ष्मजीव किती वेगानं कुजवतात आणि त्यातलं किती मातीत टिकून राहतं याचा अंदाज येतो. लागतो तो एक चांगला तराजू. शाळांपासून विद्यापीठांपर्यंत अनेकांनी हे जगभर केलं, आणि आकडे एकमेकांशेजारी ठेवता आले, कारण चहा एकच होता. अकरावीच्या मुलांना घेऊन त्र्यंबकपासून येवल्यापर्यंत हे याच पावसाळ्यात करता येईल. कोणी म्हणेल रूइबॉस कशाला, आपला आसामचा चहा घालू. तसं करून चालायचं नाही. तुलनेची सगळी मदार त्या ठरलेल्या चहावर आहे.

नदीसाठी असाच कमी खर्चाचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ट्रायसायकल’ पद्धतीत आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली. सगळे जंतू मोजायचे नाहीत, तर प्रतिजैविकांना विशिष्ट प्रकारे दाद न देणारा ई. कोलाय हा एकच जंतू माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींकडे मोजायचा. याला सिक्वेन्सर, म्हणजे डीएनए वाचणारं यंत्र, लागत नाही. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर आणि प्लेटा असलेलं कोणतंही कॉलेज हे करू शकतं.

नाशिकमध्ये आहे ते

पंचवटीत बसून पाहिलं तर हाताशी बरंच काही आहे. केटीएचएम आणि एचपीटी-आरवायके यांसारख्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, पाण्याचं काम जाणणारी. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र, ज्यांचा शेतकऱ्यांशी रोजचा संबंध. निफाड तालुक्यात चितेगावला कांदा-लसणावर काम करणारं राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान. आणि पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, जिथे जिवाणू जपून ठेवण्याची सोय आहे. सिक्वेन्सिंग इथे व्हायला हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, ते बाहेरून करून घेता येतं. एकच पथ्य पाळायचं: एका कॉलेजचे सगळे नमुने एका खेपेत आणि दुसऱ्याचे दुसऱ्या खेपेत असं पाठवायचं नाही. प्रत्येक खेपेची स्वतःची थोडी खोड असते, आणि मग कॉलेजांमधला फरक कुठला नि खेपेमधला कुठला हे सुटता सुटत नाही. नमुने सरमिसळ करून पाठवायचे, कोरे नमुने प्रत्येक खेपेत घालायचे.

आता माणसांकडे येऊ, कारण जाळी फाटतात ती बहुधा इथेच. नमुने गोळा करणारी मुलगी वर्षभर पहाटे बर्फाची पेटी घेऊन फिरते, दोन वर्षांनी शोधनिबंध येतो, आणि तिचं नाव आभारांतसुद्धा नसतं. पुढच्या वेळी त्या कॉलेजातून कोणी येत नाही, आणि का येत नाही हे कोणी बोलूनही दाखवत नाही. यावर इलाज म्हणजे पहिला नमुना घ्यायच्या आधी दोन पानांचा कागद करणं. त्यात लिहायचं: माहिती कोणाची, ती इतरांना कधी खुली होणार, कोणी कोणता प्रश्न हाती घेतलाय, आणि लेखक कोण. लेखकत्वासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी जगभर वापरतात. तिच्यात कल्पना सुचवणाऱ्यापासून प्रत्यक्ष काम करणाऱ्या आणि माहिती सांभाळणाऱ्यापर्यंत सगळे येतात. हा कागद ओळखीपाळखीच्या लोकांत करायला संकोच वाटतो. संकोच वाटला तरी करावा.

कायद्याचंही एक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात, त्यांचं जनुकीय द्रव्यही येतं. म्हणजे बागेतली माती परदेशातल्या मित्राला ‘जरा बघ’ म्हणून पाठवून देता येत नाही. परदेशी संशोधक सहभागी होणार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी किंवा सरकारमान्य सहकार्य-प्रकल्पाची चौकट लागते. डीएनएची माहिती ठेवायला फरिदाबादला २०२२ पासून भारतीय जैविक माहिती केंद्र आहे. तिथे ठेवलेली माहिती एखाद्या प्राध्यापकाच्या पेन ड्राइव्हपेक्षा नक्कीच जास्त टिकते. आणि ती ठेवायला हवीच. २०२२ मधल्या एका अभ्यासात दिसलं की माणसाच्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांच्या खुल्या नमुन्यांपैकी, देश माहीत असलेल्यांत, सत्तर टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडाचे आहेत.

शेतकऱ्याला यातून काय मिळणार, हा प्रश्न बागेत हमखास येतो: ‘मॅडम, तुमच्या रिपोर्टचं ठीक आहे, पण मी ट्रायकोडर्मा सोडू का नको?’ ट्रायकोडर्मा म्हणजे पिकाच्या रोगांविरुद्ध मातीत सोडतात ती बुरशी. याचं प्रामाणिक उत्तर बरेचदा ‘अजून सांगता येत नाही’ असं असतं. तसं स्पष्ट सांगावं, आणि त्याच्या बागेचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब एवढं तरी मराठीत, एका पानावर, छाटणीच्या आधी त्याच्या हातात द्यावं. छाटणी उरकल्यावर दिलेला कागद तो बघणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सुरुवात किती मोठी करावी? माझं मत, अगदी लहान. तीन-चार विभाग, एक नदी, एक प्रश्न, एक पद्धत. बोधचिन्ह, पदाधिकारी, उद्घाटन यांना वर्षभर हात लावू नये. प्रकल्पाचा निधी संपला की जाळं विरतं, हे टाळायचं तर निम्मं काम असं हवं जे निधीशिवायही चालेल, म्हणजे प्लेटा, तराजू आणि पीएच मीटरवर होणारं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकच वाटून घेतलेला नमुना मोजावा आणि आकडे एकमेकांना उघड दाखवावेत. पहिल्या दोन-तीन वेळा ते जुळणार नाहीत. कोणाचा तराजू हललाय, कोणाचं मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) जुनं झालंय, हे त्यातूनच कळतं.

२०२७ च्या पर्वण्या भर पावसाळ्यात येतात, ही आणखी एक अडचण. पावसाळ्यात गोदावरी एरवीही बदलते, मेळा असो वा नसो. त्यामुळे तुलनेसाठी मेळा नसलेल्या पावसाळ्यातले, त्याच आठवड्यांतले नमुने लागतील. ठिकाणं अशी धरता येतील: गंगापूर धरणाच्या खाली, रामकुंड, तपोवनात कपिला संगम, टाकळीला नासर्डी मिळाल्यानंतर, सायखेडा, आणि शेवटी नांदूरमध्यमेश्वर. २०१५ च्या अभ्यासातली पाच ठिकाणं त्या शोधनिबंधात दिलेली आहेत. त्यांतली जेवढी या यादीत बसवता येतील तेवढी आधी बसवावीत, आणि ज्यांनी तेव्हा ते काम केलं त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवावं.